बारा नावं, नऊ खेळाडू

आमच्याकडं कुणी रग्बी खेळतंय म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, त्याचं सर्टिफिकेट चालतं का. खेळ कसा असतो, किती जण असतात, लागतं किती, हे कुणी विचारत नाही. मी सात वर्षं हा खेळ खेळलो. त्यातली तीन वर्षं पगार घेऊन खेळलो. खांदा दोनदा निखळला, नाकाचं हाड एका बाजूला सरकलं ते तिथंच राहिलं. तरी परवा गावी, औशाला, माझ्या सख्ख्या मामानं विचारलंच, "ते समदं खरं रे, पर पाच टक्क्यात बसतंय का ते?" पाच टक्के म्हणजे सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या जागा. बसतंय म्हणालो आणि चहा मागितला. मामाला पुढचं सांगण्यात काही अर्थ नव्हता.

सुरुवात कबड्डीतून झाली. लातूरला कॉलेजात होतो, चढाई करायचो, अंगानं दणकट होतो. आमचे खेळाचे सर चार दिवसांच्या शिबिराला पुण्याला गेले आणि येताना दोन लांबट बॉल, एक शिट्टी आणि नियमांची पंधरा पानी झेरॉक्स घेऊन आले. चार दिवसांत माणसाला धड पोहायला येत नाही, सर मात्र रग्बीचे प्रशिक्षक होऊन आले. मुख्य नियम साधा आहे. बॉल घेऊन पुढं पळायचं, पण दुसऱ्याच्या हातात द्यायचा तो मागं द्यायचा. पुढं फेकला की चूक. सरांचं नेमकं तेच पान वाचायचं राहिलं असावं, कारण पहिला महिनाभर आम्ही बॉल खुशाल पुढं फेकत होतो आणि सर शाब्बास म्हणत होते. पहिल्याच बाहेरच्या सामन्यात पंचानं दर मिनिटाला शिट्टी मारली. सर बाहेरून त्या पंचालाच झापत होते, की ह्या माणसाला नियम माहीत नाहीत. नाचता येईना अंगण वाकडं. परत आल्यावर मी ती झेरॉक्स सरांकडून मागून घेतली आणि पाठ केली. तेव्हापासून संघाचा कर्णधार मीच.

आम्ही सात जणांचा प्रकार खेळायचो. मोठा खेळ पंधरा जणांचा असतो, पण लातुरात पंधरा धडधाकट पोरं एका वेळी मैदानावर आणायची म्हणजे वरात जमवण्याइतका खटाटोप. गावातली निम्मी पोरं डॉक्टर व्हायला क्लासमध्ये बसलेली. गल्लीगल्लीत होस्टेल, मेस, आणि गेल्या वर्षी पास झालेल्यांच्या चेहऱ्यांचे बोर्ड. संध्याकाळी आम्ही काळ्या मातीत एकमेकांना आपटत असताना ही पोरं पाठीवर दप्तर घेऊन कुंपणापलीकडून जायची आणि आमच्याकडं अशी बघायची, की ह्यांना घरी कुणी विचारत नाही का. मी पण त्यांच्याकडं तसंच बघायचो. उन्हाळ्यात आमच्या मैदानाला एवढ्या भेगा पडायच्या की पाय घोट्यापर्यंत आत जायचा. त्या मातीत पडायची भीती गेली की जगात कुठंही पडता येतं, असं मला वाटायचं.

त्या संघात खरा खेळाडू म्हणावा असा एकच होता, आणि तो मी नव्हे. तो तेलंगणाच्या हद्दीवरच्या देगलूरकडचा. आम्ही त्याला देगलूरच म्हणायचो. आई-बाप रोजानं कामाला जाणारे, हा लातूरला सरकारी वसतिगृहात राहून शिकत होता. उंचीनं माझ्या खांद्याला, वजन काहीच नाही, पण बॉल हातात आला की दिसायचा नाही. त्याच्या घरी निम्मं बोलणं तेलुगूत चालायचं, म्हणून आमचे डाव आम्ही त्याच्याकडून तेलुगू आकड्यांत शिकलो. ओकटी म्हटलं की बॉल उजवीकडं, रेंडू म्हटलं की डावीकडं, मूडू म्हटलं की कुणाला न देता तोच घुसणार. समोरचा संघ बावचळून जायचा. आमच्यापेक्षा वर्षानं मोठ्या पोरांनाही तो अरेतुरे करायचा, मला मात्र कॅप्टन आणि तुमी.

त्याला पोलीस व्हायचं होतं. हे तो लपवायचा नाही. राज्याच्या स्पर्धेत पहिल्या तिघांत आलं की सर्टिफिकेट मिळतं आणि भरतीत त्या पाच टक्क्यांत अर्ज करता येतो, हे त्याला आमच्या सरांच्या आधी माहीत होतं. "खेळ खेळासाठी खेळावं," असं मी त्याला सुनवायचो. माझा बाप जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, दर महिन्याला पगार घरात येणारा, तेव्हा मला असलं बोलायला काय जात होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला. तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "खेळतोच की कॅप्टन. पर पुढं कायतरी पायजे न्हवं." मला तेव्हा सर्टिफिकेटवाल्या समद्यांचाच तिटकारा होता आणि त्यात मी त्यालाही मोजत होतो.

तिटकारा यावा असेच बाकीचे होते म्हणा. बारा जणांचा संघ लिहून द्यायचा असतो, सात खेळणारे आणि पाच राखीव. आमच्याकडं दर वर्षी दोन-तीन राखीव असे असायचे की त्यांचं तोंड आम्ही फक्त ओळखपत्राच्या फोटोत बघितलेलं. बापाची कुठंतरी वट असायची, सरांची कुठंतरी अडचण असायची, आणि नाव यादीत यायचं. आम्ही त्यांना कागदी म्हणायचो. एक कागदी एकदा चुकून सरावाला आला. बॉल हातात घेऊन त्यानं विचारलं, ह्याला हवा कुठून भरायची. बास, तेवढाच त्याचा रग्बीशी संबंध. आयत्या बिळावर नागोबा. आम्ही त्यांच्यावर इतके हसायचो की त्यांच्याविरुद्ध कुणी काही करायला पाहिजे, हे आमच्या डोक्यातच आलं नाही.

राज्याची स्पर्धा नांदेडला होती. बारा नावं होती, गेलो नऊ जण. उपांत्य सामन्यात आम्हाला एका मोठ्या शहराच्या संघानं धुतलं, मग तिसऱ्या जागेसाठीचा सामना उरला. शेवटच्या मिनिटाला आम्ही दोन गुणांनी पुढं होतो आणि त्यांचा एक रेड्यासारखा गडी मोकळा सुटला. मी त्याच्या मागं पळत होतो, पण खरं सांगतो, मी सोडून दिलं होतं. देगलूर दुसऱ्या टोकाकडून आला आणि त्याचे घोटे धरून खाली गेला. तो गडी रेषेच्या अलीकडं हातभरावर पडला. देगलूरचा पुढचा दात तुटला. तोंडात रक्त घेऊन तो हसत होता, आणि मी त्याला उचलून घेतलं. इतका आनंद मला पुढं पगार घेऊन खेळताना कधी झाला नाही.

सामना संपल्यावर सरांनी जीपच्या बॉनेटवर यादी पसरली. बक्षीस वाटपाआधी कर्णधाराची सही लागत होती, की हे बारा जण स्पर्धेला हजर होते आणि खेळले. मी यादीवरून नजर फिरवली. तीन कागदी. देगलूर शेजारी उभा राहून चूळ भरत होता. त्यानं पण वाकून बघितलं.

"कॅप्टन, ही तिघं आली कवा?"

"आली न्हाईत. तुला काय करायचंय?"

"न्हाई, उद्या कायतर लफडं झालं तर?"

"कागदावरचे हायत, कागदावर राहतेल," मी म्हणालो. "असल्या कागदाला कोण इच्चारतंय."

आणि सही केली. सरांनी जबरदस्ती केली नाही, लालूच दाखवली नाही. पेन पुढं केलं, मी घेतलं. मला घाई होती. मुंबईच्या एका क्लबाचा माणूस सामना बघायला आला होता आणि पॅव्हेलियनच्या पायरीवर माझी वाट बघत होता. माझ्या डोक्यात हवा गेली होती. आपण खेळाडू, आपल्याला ह्या चिटोऱ्यांशी काय देणंघेणं, असा माझा तोरा होता.

क्लबानं मला घेतलं. पुढची तीन वर्षं मी रग्बी खेळायचा पगार घेतला. पहिली दोन वर्षं क्लबाकडून, तिसऱ्या वर्षी क्लबानंच पाठवलं म्हणून पैसेवाल्यांनी काढलेल्या एका लीगमध्ये, जिथं निम्मे गडी परदेशी होते. लोकांना वाटतं काय मजा. मजा अशी की सकाळी पाचला वजनं उचला, उकडलेली कोंबडी खा, दुपारी झोपा, संध्याकाळी आपटा, आणि आठवड्यातून एकदा बर्फाच्या पाण्यात बसा. लीगवाल्यांनी माझी एक फिल्म काढली. मला बैलगाडीत बसायला सांगितलं. आमच्या घरी बैलगाडी नाही, बापाकडं स्कूटर आहे, हे मी तीनदा सांगितलं. शेवटी शेजारच्या गावातून गाडी आणली, बैल मला ओळखत नव्हता, त्यानं मला खाली पाडलं, आणि तेच त्यांनी ठेवलं. मातीतला हिरा म्हणे.

औशाला माझा सत्कार झाला. चौकात माझा बॅनर लागला. मधोमध माझा फोटो, आणि दोन्ही बाजूंना लोखंडी जाळीचं हेल्मेट घातलेले, खांद्यावर उशा बांधलेले अमेरिकन गडी. तो खेळ वेगळा, हे सांगायला गेलो तर बॅनरवाला म्हणाला, बॉल तर सेमच हाय. शाल, नारळ आणि अर्धा तास भाषण. भाषणात पुढारी म्हणाले, आपला हा पठ्ठ्या आज अमेरिका गाजवतोय. मी तोवर गोव्याच्या पुढं गेलो नव्हतो. बाप पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता, म्हणून मी गप्प राहिलो.

लीगच्या चौथ्या सामन्यात खांदा दुसऱ्यांदा गेला. डॉक्टर म्हणाले, पुन्हा गेला तर हात वर होणार नाही. क्लबाचा मोबाइलवर मेसेज आला, आपल्या योगदानाबद्दल आभार. तीन वर्षांचा मामला त्यांनी दीड ओळीत आवरला. मी लातूरला परत आलो आणि एका खाजगी शाळेत मानधनावर रग्बी शिकवायला लागलो. तिथं पालक पोराला घेऊन येतात, पोरानं अजून बूट घातलेले नसतात, आणि मला बाजूला घेऊन विचारतात, सर, सर्टिफिकेट किती महिन्यांत? मी त्यांना घालूनपाडून बोलायचो. तुमच्यासारख्यांनी खेळाचं वाटोळं केलं, असंही म्हणालोय एकाला.

मग एक दिवस देगलूरचा फोन आला. मधल्या वर्षांत तो तीन भरत्यांत थोडक्यात हुकला होता, आणि ह्या खेपेला निघाला होता. मैदानी झाली, लेखी झाली, निवड यादीत नाव लागलं. घरी पेढे वाटून झाले. आणि पडताळणीत सर्टिफिकेट अडकलं. आमच्या त्या तीन कागद्यांपैकी एकानं त्याच सर्टिफिकेटवर दुसऱ्या खात्यात नोकरी मिळवली होती. त्याच्यामुळं जागा गेलेल्या कुणीतरी माहितीच्या अधिकारात कागद काढले. नांदेडला सामना चालू होता त्या दिवशी हे महाशय लातूरला क्लासमध्ये बसले होते, आणि क्लासच्या मशीनवर त्यांचा अंगठा सकाळी एकदा, दुपारी एकदा उमटला होता. अंगठा क्लासमध्ये आणि नाव मैदानावर. मग अख्खी यादीच बोगस ठरवायचं चाललं होतं, बाराच्या बारा. चोर सोडून संन्याशाला फाशी.

"कॅप्टन, तुमी सही करणारे हायत," तो म्हणाला. "नऊ जण खरं खेळले म्हणून लिहून द्या. हे सर्टिफिकेट गेलं तर वयाची सूट बी जातीय. पुढली भरती मला न्हाई."

मी हाव, देतो म्हणालो, आणि आठ दिवस काही केलं नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. लिहून द्यायचं म्हणजे मी खोटी सही केली, हे लिहून द्यायचं. शाळेला कळलं की दुसऱ्या दिवशी हातात नारळ. गुन्हा दाखल झाला तर आणखी वेगळं. सरांचा फोन आला, "गप बस बाबा. हात दाखवून अवलक्षण कशाला? समदेच बुडतेल." सरांवर मी दहा वर्षं हसत आलो, आणि ते आठ दिवस त्यांचाच सल्ला मानून बसलो. रोज शाळेत पोरांना सांगत होतो, समोरचा कितीही मोठा असू दे, घोटे धरायचे. माझी मलाच किळस आली. नवव्या दिवशी मी देगलूरला फोन केला, की उद्या पडताळणीच्या कार्यालयात ये.

तो पहाटेच्या गाडीनं आला. खांद्याला एक फुगलेली सॅक. मी त्याला खाली थांबवून वर गेलो. पडताळणीचे अधिकारी चाळिशीचे, बोलायला शांत. मी दोन पानी निवेदन लिहून नेलं होतं. यादीतली तीन नावं खोटी, नऊ खरी, दोष माझा. सोबत सामन्यानंतरचा फोटोही काढून नेला होता. चिखलात बरबटलेले आम्ही आणि मधे तोंडात रक्त घेऊन हसणारा देगलूर. त्यांनी फोटोतली डोकी मोजली.

"नऊ," ते म्हणाले. "म्हणजे यादी खोटी होती, हे ह्या फोटोनंच सिद्ध झालं."

"तेच लिहिलंय साहेब. पण नऊ जण खरे होते."

"हे कशावरून धरायचं?"

"मी कर्णधार होतो. मी सांगतोय."

"तेव्हाही तुम्हीच सांगितलं होतं," ते म्हणाले. "बारा जण खेळले म्हणून. खाली तुमची सही आहे. ती खोटी, आणि ही खरी, हे मी कसं ठरवू?"

ते चिडले नव्हते. त्यांना कुणी फोन केलेला नव्हता, काही नको होतं. माणूस नियमानं चालला होता. खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला नावं ठेवायची माझी जन्माची सवय, पण ह्या माणसाला ठेवायला मला नाव सापडेना. निवेदन त्यांनी ठेवून घेतलं, पोच दिली, आणि यादी रद्दचा प्रस्ताव पुढं जाणार असं सांगितलं.

मी खाली आलो. देगलूर सायकल स्टँडजवळच्या लिंबाखाली उभा होता. त्यानं कपडे बदलले होते. अंगात जुनी जर्सी, अर्धी चड्डी, पायात खिळ्यांचे बूट, काखेत बॉल. येणारेजाणारे त्याच्याकडं बघत होते.

"हे काय?" मी विचारलं.

"म्हटलं तयारीत राहावं," तो म्हणाला. "कुठं खेळवतेत? इथं मागं मोकळी जागा हाय, मी बघून आलो. समोरून अंगावर यायला कुणी पायजे, तर तुमी हायतच की. जरा दमानं घेतो, तुमचा खांदा हाय."

त्याची अशी समजूत होती, की वाद आहे म्हटल्यावर त्याला खेळायला लावून बघतील. पाच मिनिटांत कळेल, माणूस खरा का खोटा. दुसरं काय बघणार? मी तसाच मागं वळलो, जिना चढलो आणि साहेबांना म्हणालो, खाली तो बूट घालून उभा आहे, खिडकीतून बघितलं तरी चालेल, फक्त पाच मिनिटं. ते म्हणाले, "तशी तरतूद नाही हो."

पुन्हा खाली उतरलो. त्याला सगळं सांगितलं, फोटोचं, निवेदनाचं, प्रस्तावाचं. बॉल एका हातातून दुसऱ्या हातात घेत तो ऐकत होता.

"म्हंजे बघणार न्हाईत?"

"न्हाई."

"मग कोण खेळलं अन् कोण न्हाई, ह्यांना कळतंय तरी कशावरून?"

"माझ्या सहीवरून," मी म्हणालो.

तो हाव म्हणाला, आणि बुटाच्या नाड्या सोडायला खाली बसला.